धागा : लग्नच झालं नव्हतं, मग घटस्फोट कुणाशी?

रानमोगरा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात गावचं घर (राजापूर तालुका) आवरताना माळ्यावर एक रुमाल सापडला. आत साठेक मोडी कागद. माझा भाचा मोडी शिकतो आहे, तो एकेक लावून वाचतो आणि मी वहीत उतरवते. बरेचसे खंडाचे, भाताच्या उसनवारीचे. पण शके १७९५चा एक कागद निघाला आणि आमचं दोघांचं घोडं तिथंच अडलं. त्यात माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव, पुढे 'याचा घटस्फोट केला' आणि त्याखाली 'गोताने स्नान केले'.

भाचा म्हणाला, बघ मावशी, त्या काळीसुद्धा घटस्फोट होत होते. पण हा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. बायकोच नाही तर घटस्फोट कुणाशी? आणि त्यासाठी गोताने आंघोळ का करायची? आमच्या आत्याला (वय ८८) विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "तो मुंबईला मिशनात गेला होता म्हणतात. त्याचं नाव आमच्या घरात काढायचे नाहीत." जाणकारांनी सांगावं.

खडूफळा
रानमोगरा, कागद जपून ठेवा. तुमच्या भाच्याने बरोबर वाचलंय. इथे 'घटस्फोट' हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने आला आहे. तो मुळात प्रायश्चित्त प्रकरणातला शब्द, नवरा-बायकोशी त्याचा काही संबंध नव्हता. मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं, त्यातलं सांगतो.

ज्याच्या हातून महापातक घडलं आणि जो प्रायश्चित्त घ्यायला तयार नाही, तो पतित. त्याला कुळातून बाहेर काढण्याचा विधी म्हणजे घटस्फोट. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो आहे. दिवस अशुभ निवडायचा, वेळ संध्याकाळची, जागा गावाबाहेर. नातेवाईक, ऋत्विज आणि गुरू हजर. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा. तिथे शब्द आहे 'प्रेतवत्', म्हणजे मेलेल्यासाठी करतात तसं. त्यानंतर सपिंडांनी, म्हणजे जवळच्या भाऊबंदांनी, एक अहोरात्र सुतक पाळायचं. मग त्याच्याशी बोलणं नाही, एका जागी बसणं नाही, वाटणीत हिस्सा नाही.

गौतम धर्मसूत्रातलं वर्णन तर जास्तच अंगावर येतं. उकिरड्यावरचं भांडं आणायचं, दासीच्या घागरीतून ते भरायचं, दक्षिणेकडे तोंड करून उपडं करायचं आणि माणसाचं नाव घेऊन म्हणायचं : 'अमुकम् अनुदकं करोमि'. अमक्याला मी पाण्यावाचून करतो! म्हणजे मेल्यावर त्याला तिलांजलीचं पाणीही मिळणार नाही. हजर असलेल्यांनी जानवं उजव्या खांद्यावर घ्यायचं, शेंडी सोडायची, आणि सगळं झाल्यावर आंघोळ करूनच गावात शिरायचं. तुमच्या कागदातलं 'गोताने स्नान केले' ते हे.

तिठा
अंगावर काटा आला. एकोणीस वर्षांचा पोरगा.

सह्यकडा
खडूफळा सरांचा प्रतिसाद वाचून लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी चितेभोवती फिरत होतो. दर फेरीला मागून काका अश्म्याने (दगडाने) मडक्याला भोक पाडत होते. पहिल्या फेरीत एक धार, दुसरीत दोन, तिसरीत तीन. पाणी पाठीवरून ओघळून धोतर भिजलं. मग गुरुजी म्हणाले, मागे न बघता टाक. मडकं फुटल्याचा आवाज आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाबा गेले. त्याआधी तीन तास मी नुसता धावपळ करत होतो.

तोच आवाज जिवंत माणसासाठी करायचा! आणि तो माणूस बहुधा दोन गावं पलीकडे कुठेतरी जेवत, झोपत असणार.

माजघर
माझी आजी कुणावर फार चिडली की म्हणायची, "त्याच्या नावाने घडा फोडला मी." आम्हाला वाटायचं, आजीची आपली बोलण्याची पद्धत आहे. आज उलगडा झाला.

ओसरीवरून
माझा एक आक्षेप. शब्दाचा उगम आणि आजचा अर्थ यांची अशी गाठ घालू नये. आज 'घटस्फोट' म्हणताना कुणाच्याही डोळ्यासमोर घागर येत नाही. 'परिषद' घ्या. पूर्वी प्रायश्चित्त कोणतं द्यायचं हे ठरवणाऱ्या विद्वानांच्या सभेला पर्षद किंवा परिषद म्हणत. आज जिल्हा परिषदेत जाताना कुणी पाप कबूल करायला जातं का? शब्द पुढे गेला, आपणही जावं.

खडूफळा
ओसरीवरून, परिषदेचं उदाहरण चांगलं दिलंत. त्यात आणखी एक भर घालतो. ब्रह्महत्या, सुरापान, चोरी (त्यातही ब्राह्मणाच्या सोन्याची) आणि गुरुपत्नीगमन ही चार महापातकं. पाचवं म्हणजे या चौघांपैकी कुणाशी वर्षभर संबंध ठेवणं. त्याचं नाव 'संसर्ग'. २०२० साली आपण रोज उठून जो शब्द ऐकत होतो तोच. शब्द पुढे जातात हे मान्य. पण कुठून आले हे माहीत असलं तर त्यांचं काय बिघडतं?

बडोदेकर_सून
आमच्याकडे गुजरातीत घटस्फोटाला 'छूटाछेडा' म्हणतात. लग्नात वधूवरांच्या वस्त्रांची टोकं बांधतात ती छेडाछेडी, ती सुटली म्हणजे छूटाछेडा. ऐकायलाही मऊ. हिंदीत तलाक किंवा विवाह-विच्छेद. 'घट फोडण्या'ची कल्पना मराठीने आणि कोकणीनेच उचललेली दिसते. असं का झालं असावं? बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला, तो देशात फार लवकरचा. पण त्याच्या नावात 'लग्नविच्छेद' होतं.

तिठा
मराठीतही दुसरे शब्द होतेच की. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत. आमच्या भागात (सातारा) अजून म्हातारी माणसं 'काडीमोड झाली' म्हणतात. पंचांसमोर गवताची काडी मोडायची की झालं वेगळं. ज्या जातींत बाईला दुसरं लग्न करता येत होतं, पाट लागत होता, तिथले हे शब्द. ज्या जातींत लग्न मोडताच येत नव्हतं त्यांच्याकडे त्यासाठी शब्दच नव्हता. कायदा आला तेव्हा शिकलेल्यांना शब्द हवा झाला आणि त्यांनी पोथीतला उचलला. काडीमोड हाताशी होता, तो घेतला नाही. मला यात जातीचा तोरा दिसतो, स्पष्टच सांगतो.

खडूफळा
तिठा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझा तर्क त्याला जोडून. पराशरस्मृतीतला श्लोक प्रसिद्ध आहे : 'नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ'. नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक असला किंवा पतित झाला, या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी हाच श्लोक पुढे केला आणि आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी त्यावरून वाद घातले. यात 'पतित' आहे बघा. नवरा पतित, त्याचा घट फुटला, म्हणजे बायको मोकळी. घट फुटण्याला नवराबायकोच्या फारकतीचा अर्थ चिकटायला ही वाट सोयीची होती असं मला वाटतं.

कज्जेदलाल_नव्हे_वकील
कायद्याची बाजू मांडतो. १८५० साली कंपनी सरकारने कायदा केला (त्या सालचा २१वा) की जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून कुणाचा वारसाहक्क बुडणार नाही. मनूचा 'वाटणीत हिस्सा नाही' तिथेच संपला. शके १७९५ म्हणजे इसवी सन १८७३. म्हणजे रानमोगरा, तुमच्या त्या चुलत पणजोबांचा घट फोडला तरी जमिनीतला हिस्सा कायद्याने शाबूत होता. माळ्यावरच्या कागदांत वाटणीपत्र आहे का बघा. त्यात नाव असेल तर बरंच काही कळेल.

लग्नाच्या अर्थाने म्हणाल, तर मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा १९४७चा आणि सगळ्या देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५चा.

मीठभाकर
चार दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. तुम्ही सगळे हे जुनंपुराणं असल्यासारखं बोलताय. आमच्या घराने हे २००९ ते २०१३ भोगलंय. रायगड जिल्हा, गावाचं नाव लिहीत नाही. कारण काय, तर माझ्या बापाने गावकीच्या पैशाचा हिशोब मागितला. रात्री बैठक बसली आणि आम्हाला वाळीत टाकलं. घागर फोडली नाही कुणी. पण दुसऱ्या दिवशी आई विहिरीवर गेली तेव्हा बाकीच्या बायकांनी आपापले कळशी-हंडे उचलले आणि बाजूला उभ्या राहिल्या. कुणी एक शब्द बोललं नाही. आईचा पोहरा तेवढा खाली गेल्याचा आवाज. ती पाणी घेऊन आली आणि दोन दिवस तिने पुन्हा पाण्याला जायचं नाव काढलं नाही.

दुकानदार मीठ देईना. जो बोलेल त्याला दंड होता. आजोबा वारले तेव्हा खांद्याला आम्ही घरचे तिघं आणि तालुक्याहून आलेला माझा एक मित्र. चार वर्षांनी माफी मागून, दंड भरून परत घेतलं. सर, तुम्ही सांगितलेलं ते पाचवं पातक, संसर्गाचं, ते आमच्याकडे लिहून ठेवलेलं नव्हतं. पण प्रत्येकाला पाठ होतं.

सह्यकडा
मीठभाकर, तुमच्या आईला नमस्कार सांगा.

कज्जेदलाल_नव्हे_वकील
मीठभाकर, तुमच्यासारख्यांनी लढा दिला म्हणूनच सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६चा कायदा झाला. तो २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याआधी मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला होता, पण दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरवला. मधली पन्नासहून अधिक वर्षं वाळीत पडलेल्याला विचारणारा स्वतंत्र कायदा नव्हता. पुन्हा कुणी त्रास दिला तर मला व्यक्तिगत निरोप करा. फी घेणार नाही.

पाणवठा
माझा २०१८ साली कोर्टातून घटस्फोट झाला. निकालाची प्रत घेऊन घरी आले तेव्हा सख्खी मावशी आईला म्हणाली, "आता हिला हळदीकुंकवाला बोलावत जाऊ नकोस बाई, लोकांना बरं वाटत नाही." त्या संक्रांतीला शेजारी सगळ्या घरांत वाण आलं, आमच्या दारावरून बायका पुढे गेल्या. ओसरीवरून, तुम्ही म्हणता कुणाच्या डोळ्यासमोर घागर येत नाही. शब्दातून घागर गेली असेल. वागण्यातून गेलेली नाही. मला विचाराल तर या शब्दाच्या जागी 'फारकत' वापरावा. दोघं वेगळे झाले, बस. कुणी पतित नाही, कुणी मेलेलं नाही.

ओसरीवरून
पाणवठा, माझं चुकलं. मी फक्त शब्दकोशाच्या अंगाने बोलत होतो. तुमचं वाचून दुसरी बाजू कळली.

चहाबाज_पुणेकर
ग्रामण्याचं कुणीच काढलं नाही? हाही याच घराण्यातला शब्द. ग्रामण्य म्हणजे एखाद्याच्या आचरणावरून त्याला जातीबाहेर टाकायचं की प्रायश्चित्त द्यायचं यावरून उठलेला तंटा. पुण्यातलं सगळ्यात गाजलेलं ग्रामण्य चहाचं. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये सभेनंतर चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली आणि गाव पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांची नाराजी ओढवून घेतली. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार टाकला, ते तुमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. एका कप चहाने न्यायमूर्तींवर ही वेळ येते, तर १८७३ साली मिशनात गेलेल्या कोकणातल्या पोराचं काय झालं असेल!

माजघर
प्रायश्चित्त म्हणजे नेमकं काय करायला लावायचे? आजी 'चांद्रायण' म्हणायची.

खडूफळा
चांद्रायण महिन्याभराचं. चंद्राच्या कलेबरोबर घास वाढवायचे, प्रतिपदेला एक, पौर्णिमेला पंधरा, मग रोज एक कमी. अमावास्येला उपास. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचं : तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता मिळेल तेवढंच, तीन दिवस काहीच नाही. ज्याला झेपत नाही त्याला प्रत्याम्नाय, म्हणजे बदली : एका कृच्छ्राऐवजी एक गाय किंवा दहा हजार गायत्री जप. शिवाय क्षौर आणि पंचगव्य.

आता जे मला पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं ते. या विधीचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सगळे विसरतात. मनू पुढे सांगतो, की त्या माणसाने प्रायश्चित्त केलं तर नातलगांनी त्याच्यासोबत पवित्र जलाशयात स्नान करावं आणि पाण्याने भरलेला नवा घट पाण्यात सोडावा. 'तेनैव सार्धम्', त्याच्याच बरोबर, असे शब्द आहेत. गौतमाकडे तर सोन्याचं पात्र पुण्य डोहातून भरून आणायचं आणि त्यातलं पाणी त्याला द्यायचं. ज्याला 'अनुदक' केलं त्याला पाणी परत. मग तो आपल्या घरात शिरतो आणि पूर्वीसारखा सगळ्या कार्यात बसतो. याज्ञवल्क्यानेही 'नवं घटम्' म्हटलंय. नेताजी पालकर १६७६ साली प्रायश्चित्त घेऊन परत आले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे ही वाट प्रत्यक्षात चालू होती. फोडलेल्या घटाचा शब्द भाषेत राहिला. नव्या घटाला नावच मिळालं नाही.

पाणवठा, आणखी एक. पतित स्त्रीलाही हाच विधी सांगितला आहे, पण तिला अन्न, पाणी, वस्त्र द्यावं आणि घराजवळ राहू द्यावं असं त्याच ठिकाणी म्हटलंय. त्या हळदीकुंकवाच्या बायकांनी तुम्हाला मनूपेक्षाही कडक वागवलं.

मीठभाकर
सर, दंड भरल्यावर आम्हाला परत घेतलं तेव्हा गावजेवण द्यायला लावलं होतं. पंक्तीत पहिला तांब्या पाटलाने माझ्या बापाच्या पेल्यात ओतला. बाप पाणी पिईना. सगळी पंगत थांबून राहिली. मग आईने मागून म्हटलं, "प्या." तेव्हा प्यायला. तो नवा घट होता का?

खडूफळा
होय. तोच होता. पण दंड तुमच्याकडून घ्यायला नको होता.

रानमोगरा
सगळ्यांचे प्रतिसाद भाच्याला मोठ्याने वाचून दाखवले. वकीलसाहेब, वाटणीपत्र अजून मिळालेलं नाही. पण खडूफळा सरांच्या 'अनुदक'वरून रात्री अडीचला एक गोष्ट डोक्यात आली आणि उठून कपाट उघडलं.

माझ्या आजोबांच्या हातची महालयाची वही माझ्याकडे आहे. पितृपक्षात तर्पणाला कुणाकुणाची नावं घ्यायची त्याची यादी, नात्याच्या क्रमाने. आजोबांना हा माणूस 'पितृव्य', म्हणजे काका, लागणार. पान काढलं. पितृव्यांमध्ये दोन नावं आहेत. दुसरं त्याचंच! घट फोडून ज्याला पाण्यावाचून केलं त्याला माझे आजोबा दर भाद्रपदात पाणी देत होते. आत्या म्हणते त्याचं नाव घरात काढत नसत. वर्षातून एकदा काढत होते, पळीभर पाण्यासोबत. बायका स्वयंपाकघरात असायच्या, तिला ते कसं ऐकू जाणार.

चहाबाज_पुणेकर
व्वा! पण सावध राहा. न परतताच मेला असेल आणि मागाहून घरच्यांनी नारायणबळी करून नाव यादीत घेतलं असेल, असंही होऊ शकतं.

खडूफळा
शंका बरोबर आहे. रानमोगरा, त्या नावापुढे आणखी काही लिहिलंय का? यादीत नावापुढे 'सपत्नीक', 'ससुत' (मुलासह) असे शब्द असतात. पण ते सरसकट लावायचे शब्द असू शकतात, म्हणून दुसऱ्या पितृव्याशी ताडून बघा.

रानमोगरा
ताडून बघितलं. पहिले पितृव्य आमच्या घरात ब्रह्मचारी म्हणून माहीत आहेत, त्यांच्यापुढे नुसतं नाव आणि गोत्र. याच्यापुढे नाव, गोत्र आणि 'सपत्नीक'.

एकोणिसाव्या वर्षी घट फोडला तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे नंतर झालं, आणि अशा बाईशी झालं की तिलाही आमच्या घरच्या तर्पणात पाणी मिळालं. मिशनात राहून हे झालं नसतं.

आत्याला आज सकाळी फोन केला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचं नाव काय होतं गं?" वहीत तिचं नाव नाही. भाचा आता शके १७९५ नंतरचे कागद आधी लावतो आहे. बावीस आहेत.